फसफसत्या पाण्याचा जनक

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडचे दोन शेजारी तालुके. शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री, भीमाशंकरचे रान ही त्यांची जुनी ओळख, तर नारायणगावचा टोमॅटो, द्राक्षबागा आणि उसाचे मळे ही अलीकडची. गेल्या तीन दशकांत तिच्यात आणखी एका ओळखीची भर पडली आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजेच ‘जीएमआरटी’च्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. परिसरात पसरलेल्या अशा अँटेनांची संख्या ३० आहे. फेब्रुवारीअखेरीस राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला जे विज्ञान प्रदर्शन भरते, त्यात आसपासच्या शाळांमधील मुले आपापली उपकरणे आणि तक्ते घेऊन हजर होतात. दूरच्या दीर्घिकांचा वेध घेणाऱ्या दुर्बिणीच्या सावलीत पुठ्ठा, बाटली आणि रबरी नळी यांचे विज्ञान मांडलेले असते. हा योग मोठा लोभस आहे.

शालेय प्रयोगांच्या या दुनियेत अलीकडे एका प्रयोगाने फार लोकप्रियता मिळवली आहे. कोलाची मोठी बाटली मैदानात ठेवायची, झाकण उघडायचे आणि तिच्यात पुदिन्याच्या स्वादाच्या चघळायच्या चार-सहा गोळ्या एकदम सोडायच्या. क्षणार्धात फेसाचे कारंजे पुरुषभर, कधी त्याहूनही उंच उसळते, पहिल्या रांगेतली मुले भिजतात आणि टाळ्या पडतात. २००५-०६ च्या सुमारास अमेरिकेतील चित्रफितींमुळे हा खेळ जगभर पसरला. खर्च फार नाही, उपकरण काही नाही आणि परिणाम डोळे दिपवणारा. शाळेला आणखी काय हवे?

मात्र प्रयोगवहीत या प्रयोगापुढे बहुधा ‘रासायनिक अभिक्रिया’ असे लिहिले जाते आणि ते बरोबर नाही. कोलात कार्बन डायऑक्साइड वायू दाबाखाली विरघळवलेला असतो. बाटलीतला हा सगळा वायू मोकळा केला, तर पेयाच्या आकारमानाच्या तिपटी-चौपटीने जागा व्यापेल, इतका तो असतो. झाकण उघडल्यावर त्याला बाहेर पडायचे असते, पण बुडबुडा जन्माला यायला आधार लागतो. गोळीचा पृष्ठभाग डोळ्याला गुळगुळीत दिसला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली खाचखळग्यांनी भरलेला असतो आणि त्या प्रत्येक खाचेत बुडबुडा धरतो. गोळी जड असल्याने थेट तळाशी जाते, त्यामुळे वर येणारे बुडबुडे आपल्यावरचा सगळा द्रव उचलून नेतात. गोळीवरच्या लेपातील डिंकासारखे पदार्थ द्रवाचा पृष्ठताण कमी करून या कामाला हातभार लावतात. अमेरिकेतील टोन्या कॉफी या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या विद्यार्थ्यांसह २००८ मध्ये याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. कारंज्याच्या आधी आणि नंतर पेयाची आम्लता मोजली, तर ती तशीच राहते असे त्यांना आढळले. आम्ल आणि अल्क यांची अभिक्रिया झाली असती, तर ती बदलली असती. म्हणजे डोळ्यांना दिसते ते खरे, पण त्याला दिलेले नाव चुकीचे.

अचूक पाहणे आणि चुकीचे नाव देणे यांची गाठ या बुडबुड्यांच्या इतिहासात अगदी आरंभापासून पडलेली आहे. ज्या माणसाने असे फसफसते पाणी प्रथम हेतुपूर्वक तयार केले, त्याचे सारे आयुष्य या एका वाक्यात सामावू शकेल. त्याचे नाव जोसेफ प्रीस्टली.

प्रीस्टलीचा जन्म १७३३ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, लीड्स शहराजवळील बर्स्टॉल येथे झाला. वडील लोकरी कापडाच्या व्यवसायात होते. आई लवकर गेली आणि निपुत्रिक, सुस्थितीतील आत्याने या मुलाला वाढवले. तिच्या घरी अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांचे धर्मोपदेशक येत, मोकळेपणाने वाद घालत. तेथेच या मुलाला वादाची गोडी लागली असावी. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू तो कुमारवयातच शिकला. पुढे फ्रेंच, इटालियन, जर्मन आणि अरबी यांतही त्याने गती मिळवली. बोलताना मात्र तो अडखळे. हा दोष जन्मभर राहिला, तरीही त्याने उपदेशकाचा पेशा पत्करला, यावरून त्याच्या हट्टी स्वभावाची कल्पना यावी. आदमच्या पापाचे ओझे आपल्या शिरावर आहे असे मनापासून वाटत नाही, हे त्याने पंचांसमोर प्रामाणिकपणे सांगितले आणि घरच्या पंथाने त्याला सभासदत्व नाकारले. अधिकृत चर्चला न मानणाऱ्यांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे. त्यामुळे त्याचे शिक्षण डॅव्हेंट्री येथील स्वतंत्र विचारांच्या विद्यालयात झाले.

पहिल्या गावात त्याच्या मतांमुळे आणि अडखळत्या बोलण्यामुळे श्रोते पांगले. १७५८ मध्ये तो नँटविच या गावी आला आणि तेथे त्याने शाळा काढली. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा काळ फार महत्त्वाचा आहे. शिकवणीच्या तुटपुंज्या उत्पन्नातून पैसे वाचवून त्याने एक हवेचा पंप आणि एक विद्युत् यंत्र विकत घेतले, तेही स्वतःसाठी नव्हे, तर विद्यार्थ्यांसाठी. मुलांनी ही उपकरणे स्वतः हाताळावीत, नीट ठेवावीत आणि आई-वडील, पाहुणे यांना प्रयोग करून दाखवावेत, असा त्याचा शिरस्ता होता. खोडदच्या मांडवात किंवा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीतली मुलगी पाहुण्यांना आपला प्रयोग समजावून सांगते, तेव्हा तिच्यामागे अडीचशेहून अधिक वर्षांची ही परंपरा उभी असते. ही मुले पाठांतर करून बोलतात, अशी तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. नँटविचची मुलेही थोडेफार पाठांतर करत असतीलच. पण यंत्र त्यांच्या हाती होते, हे महत्त्वाचे.

तीन वर्षांनी वॉरिंग्टनच्या विद्यालयात तो शिक्षक झाला. १७६२ मध्ये मेरी विल्किन्सनशी त्याचा विवाह झाला. ती एका मोठ्या लोखंड-उद्योजकाची बहीण होती. १७६५ मध्ये लंडनला त्याची बेंजामिन फ्रँकलिनशी भेट झाली आणि त्याच्या प्रोत्साहनाने प्रीस्टलीने विजेच्या संशोधनाचा इतिहास लिहायला घेतला. केवळ इतरांचे प्रयोग सांगून थांबण्याऐवजी त्याने ते स्वतः करून पाहिले आणि तो शास्त्रज्ञच होऊन बसला. ग्रंथ १७६७ मध्ये निघाला. रॉयल सोसायटीचे सभासदत्व त्याआधीच मिळाले होते. शिसपेन्सिलीच्या खुणा रबराच्या तुकड्याने पुसता येतात, ही नोंदही त्याच्याच १७७० च्या एका पुस्तकात सापडते. आपल्या मुलांच्या कंपासपेटीतल्या खोडरबराशी या माणसाचे असे नाते आहे.

१७६७ मध्येच तो लीड्सला उपदेशक म्हणून गेला आणि योगायोगाने त्याचे बिऱ्हाड बिअरच्या भट्टीशेजारी पडले. आंबवणाच्या पिंपांवर एक जड वायू साचून राहतो, त्यात जळती काडी नेली की विझते, विझलेल्या काडीचा धूर त्या थरात अडकून पिंपाच्या कडेवरून खाली ओघळतो, हे तो तासन् तास पाहत राहिला. हा वायू नवा नव्हता. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने दशकभरापूर्वी त्याचा अभ्यास करून त्याला ‘स्थिर वायू’ असे नाव दिले होते. आपल्याकडेही जुन्या विहिरीत उतरण्याआधी दिवा सोडून पाहण्याची रीत होती. दिवा विझला तर माणूस उतरत नसे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीच्या पेवात उतरण्याआधी ते उघडे ठेवून वारा देतात, त्याच्यामागेही हाच वायू आहे. पण विहिरीतला हा वैरी पाण्यात मिसळून पिऊन पाहावा, असे कोणाच्या मनात आले नव्हते.

प्रीस्टलीने दोन पेले घेतले आणि पिंपावरच्या त्या थरात हात धरून एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओतत राहिला. काही मिनिटांत पाण्याला जिभेला चुरचुरणारी, गोड वाटणारी आंबूस चव आली. जर्मनीतील नैसर्गिक झऱ्यांचे महागडे फसफसते पाणी धनिक लोक औषध म्हणून मागवत. तेच पाणी आता शेजारच्या भट्टीवर फुकटात तयार होत होते. पुढे घर बदलल्यावर भट्टी दुरावली, तेव्हा त्याने खडूवर गंधकाम्ल टाकून वायू बनवला, तो डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरला आणि नळीने पाण्यात सोडला. पाण्याला लघवीचा वास येतो, अशी टीका एका डॉक्टरने केली आणि पिशवीऐवजी काचेचे उपकरण सुचवले. ही टीका त्या डॉक्टरची नव्हे, तर पिशवीची होती, असे म्हणून सोडून द्यावे!

१७७२ मध्ये त्याने ही कृती छोट्या पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. (त्याच वर्षी थेऊरला थोरले माधवराव पेशवे क्षयाने निवर्तले; काळाचा अंदाज यावा म्हणून हे सांगितले.) पुस्तिका अगदी स्वयंपाकाच्या पुस्तकासारखी होती. कोणीही घरी करून पाहावे, असा तिचा बेत होता. एकस्व नाही, हक्क नाही, गुपित नाही. खलाशांना ग्रासणाऱ्या स्कर्व्ही रोगावर हे पाणी गुणकारी ठरेल, असे त्याला वाटत होते आणि कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवरील जहाजांसाठी ही कृती नौदलाने मान्यही केली. या सफरीवर स्वतः प्रीस्टलीला नेण्याचा विचार होता. त्याची धार्मिक मते आड आली आणि तो राहिला. स्कर्व्हीचे म्हणाल, तर ते निदान साफ चुकीचे होते. हा रोग ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो आणि बुडबुड्यांत ते नसते. लिंबू-संत्र्यांनी रोगी बरे होतात, हे जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने १७४७ मध्येच पाहिले होते. तरीही १७७३ मध्ये रॉयल सोसायटीने प्रीस्टलीला कोप्ली पदक दिले. पाणी उत्तम, उपयोग चुकीचा.

पैसा मिळाला तो दुसऱ्यांना. जन्माने जर्मन असलेल्या याकोब श्वेपने १७८३ मध्ये जिनिव्हात सोडावॉटरचा कारखाना काढला आणि पुढे लंडनला आणला. त्याचे नाव आजही बाटल्यांवर आहे. पुस्तिकेनंतर बरोबर १०० वर्षांनी, १८७२ मध्ये, हायरम कॉड या इंग्रजाने वायूच्याच दाबाने काचेची गोटी तोंडाशी घट्ट बसेल अशी बाटली काढली. आपल्या यात्रा-जत्रांतला गोटी सोडा तो हाच.

प्रीस्टली मात्र वायूंच्या मागे लागला होता. पाण्यात विरघळणारे वायू पाण्यावर गोळा करता येत नाहीत, म्हणून त्याने पाऱ्याचा उपयोग केला आणि अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड, नायट्रस ऑक्साइड असे एकामागून एक वायू वेगळे केले. मेणबत्ती जळून किंवा उंदराच्या श्वासाने बिघडलेल्या बंद भांड्यातल्या हवेत १७७१ च्या उन्हाळ्यात त्याने पुदिन्याची एक काडी ठेवली. काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. झाडे हवा सुधारतात, याचा हा पहिला प्रायोगिक पुरावा होता. बुडबुडे उसळवणाऱ्या आजच्या गोळीचा स्वादही पुदिन्याचाच असावा, ही केवळ गंमत. पण प्रदर्शनातल्या तक्त्यावर लिहायला हरकत नाही.

१७७३ पासून लॉर्ड शेलबर्न या उमरावाने त्याला आश्रय दिला. तेथेच १ ऑगस्ट १७७४ रोजी त्याने १२ इंच व्यासाच्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापवले. त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळू लागली. पुढच्या मार्चमध्ये त्याने त्या वायूत एक उंदीर ठेवला. साध्या हवेत जेमतेम पाव तास टिकणारा तो प्राणी दुप्पट वेळ राहिला आणि बाहेर काढल्यावर हुशारही झाला. मग प्रीस्टलीने तो वायू स्वतः हुंगून पाहिला. छाती हलकी झाल्यासारखे त्याला वाटले. श्रीमंतांची ही एक चैन होऊन बसेल, असा तर्कही त्याने केला. मधल्या काळात, ऑक्टोबर १७७४ मध्ये, पॅरिसला गेला असता त्याने जेवणाच्या टेबलावर आपला शोध लाव्हाझिये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला सरळ सांगून टाकला. गुपित ठेवणे त्याला कधी जमलेच नाही.

येथे त्याच्या आयुष्यातली शोकांतिका सुरू होते. त्या काळी असे मानत की, जळणाऱ्या वस्तूतून फ्लॉजिस्टन नावाचे एक तत्त्व बाहेर पडते. ज्या हवेत वस्तू अधिक जळते, ती फ्लॉजिस्टन अधिक शोषू शकते, म्हणजे तिच्यात मुळात ते नाही. म्हणून प्रीस्टलीने आपल्या वायूला ‘फ्लॉजिस्टनरहित हवा’ असे नाव दिले. लाव्हाझियेने मात्र तराजू हाती घेतला. धातू जळल्यावर त्याचे वजन वाढते. काही बाहेर पडले असते तर ते घटायला हवे होते. म्हणजे जळणे हा हवेतल्या एका घटकाशी होणारा संयोग आहे. त्या घटकाला त्याने ‘ऑक्सिजन’ म्हणजे आम्लजनक असे नाव दिले. गंमत अशी की, हे नावही चुकीचेच. सर्वच आम्लांत ऑक्सिजन नसतो. स्वीडनच्या शेलेने हा वायू प्रीस्टलीच्याही आधी मिळवला होता, पण त्याचे पुस्तक उशिरा, १७७७ मध्ये निघाले. आपला मराठी ‘प्राणवायू’ हा शब्द लाव्हाझियेच्या आम्लापेक्षा प्रीस्टलीच्या उंदराला अधिक जवळचा आहे, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आले आहे.

युरोपातले रसायनज्ञ एकेक करून लाव्हाझियेच्या बाजूला गेले. प्रीस्टली गेला नाही. धर्मात, राजकारणात प्रत्येक जुने मत तपासून फेकून देणारा हा माणूस रसायनशास्त्रात एका जुन्या कल्पनेला शेवटपर्यंत चिकटून राहिला. याला काहींनी हटवादीपणा म्हटले आहे. तो होताच, पण थोडे थांबून पाहायला हवे. बहुमत झाले म्हणून मत बदलायचे नाही, ही त्याची सवय लहानपणी पंचांसमोर लागली होती. तीच सवय त्याला उपदेशक म्हणून मोठी करून गेली आणि तीच येथे आडवी आली. शिवाय त्याने तराजूला कधी फारसे महत्त्व दिले नाही. डोळा, नाक, जीभ यांवर त्याची भिस्त होती.

१७८० मध्ये तो बर्मिंगहॅमला आला. वाफेच्या यंत्राचा जेम्स वॉट, त्याचा भागीदार बोल्टन, चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन अशा मंडळींची ‘ल्यूनर सोसायटी’ तेथे पौर्णिमेच्या सुमारास जमे; हेतू असा की, परतताना रस्त्यावर चांदणे असावे. ही त्याची सुखाची वर्षे. पण त्याने फ्रेंच राज्यक्रांतीचे उघड समर्थन केले आणि वातावरण तापले. बास्तीच्या पाडावाचा दुसरा वाढदिवस साजरा करण्यासाठी १४ जुलै १७९१ रोजी शहरात भोजन ठेवले होते. प्रीस्टली त्याला गेलाही नव्हता. रात्री जमावाने त्याचे प्रार्थनागृह जाळले आणि मग घराकडे मोर्चा वळवला. पती-पत्नी जेमतेम निसटली. घर, ग्रंथालय, हस्तलिखिते आणि त्या काळच्या उत्तम प्रयोगशाळांत गणली जाणारी त्याची प्रयोगशाळा, सारे नष्ट झाले. पुढे न्यायालयातून मिळालेली भरपाई झालेल्या नुकसानाच्या मानाने अपुरीच होती. लंडनमध्येही रॉयल सोसायटीतले अनेक सहकारी त्याला टाळू लागले.

एप्रिल १७९४ मध्ये वयाच्या ६१व्या वर्षी त्याने अमेरिकेचे जहाज पकडले. तो समुद्रात असतानाच, ८ मे रोजी, पॅरिसमध्ये लाव्हाझियेचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. ज्या क्रांतीचे समर्थन केल्याबद्दल एकाचे घर जळाले, त्याच क्रांतीने दुसऱ्याचे मस्तक घेतले. एकाच वायूच्या दोन वाटेकऱ्यांची ही गत झाली.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने देऊ केलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापकपद नाकारून तो सस्क्वेहॅना नदीकाठच्या नॉर्थम्बरलँड या आडगावी राहिला. १७९५ च्या अखेरीस धाकटा मुलगा हेन्री गेला, पुढच्या वर्षी पत्नी गेली. नवे घर आणि त्याला जोडलेली प्रयोगशाळा १७९८ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा ते पाहायला मेरी नव्हती. त्या प्रयोगशाळेत त्याने कार्बन मोनॉक्साइड वेगळा केला. १८०० मध्ये फ्लॉजिस्टनचे समर्थन करणारे आणखी एक पुस्तक लिहिले. तोवर त्याच्या बाजूने जवळजवळ कोणी उरले नव्हते. ६ फेब्रुवारी १८०४ च्या सकाळी अंथरुणावरून त्याने आपल्या काही लेखांतील दुरुस्त्या सांगितल्या. लिहून घेणाऱ्याने त्या आपल्या शब्दांत वाचून दाखवल्या, तेव्हा आपण सांगितले तसेच्या तसे लिहायला लावले. ते मनासारखे झाल्यावर थोड्याच वेळात त्याने प्राण सोडला.

प्राणवायूच्या शोधाला १०० वर्षे झाली, त्या निमित्ताने १८७४ मध्ये अमेरिकेतील रसायनज्ञ नॉर्थम्बरलँडला त्याच्या घरी जमले. त्या मेळाव्यातच राष्ट्रीय संघटनेचा विचार निघाला आणि १८७६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटी स्थापन झाली. जमलेल्यांपैकी फ्लॉजिस्टन मानणारा एकही नव्हता. या संस्थेचा सर्वोच्च सन्मान म्हणून जे पदक दिले जाते, त्यावर नाव आहे ते मात्र प्रीस्टलीचे.